चार किलो शिसं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि 'काहीतरी वेगळं सांग' असं बजावलं आहे. कॉम्प्युटरबद्दल बोलू नकोस, असं ते उघड म्हणाले नाहीत, पण आवाजावरून मला कळलं. म्हणून आज मी स्कूबा डायव्हिंगबद्दल बोलणार आहे. मात्र रंगीत मासे आणि प्रवाळ यांबद्दल नाही. ते फोटो तुम्ही सगळ्यांनी ग्रुपवर पाहिलेच आहेत आणि अंगठेही दिले आहेत. मी बोलणार आहे त्यातल्या सगळ्यांत नीरस वस्तूबद्दल, म्हणजे कमरेला बांधायच्या शिशाच्या तुकड्यांबद्दल.

याला कारण आहे. येत्या डिसेंबरात आपली मालवणची सहल ठरते आहे. मुलाबाळांसकट नावं येत आहेत, आणि बऱ्याच जणांनी नावापुढे 'स्कूबा' लिहून टाकलं आहे. मासे तुम्हाला तिथे दिसतीलच. शिशाबद्दल मात्र तुम्हाला तिथे कुणी फारसं सांगणार नाही, आणि तुम्ही विचारणारही नाही. म्हणून आज हे.

आधी विज्ञानाच्या बाईंची क्षमा मागून थोडी उजळणी. बाईंनी ताणकाट्याला दगड टांगला होता आणि तो काठोकाठ भरलेल्या भांड्यात सोडला होता. काट्यावरचं वजन कमी झालं आणि भांड्यातून पाणी सांडलं. जितकं पाणी सांडलं, त्याच्या वजनाइतकंच दगडाचं वजन कमी भरलं. आर्किमिडीजचं तत्त्व. आपण ते पाच मार्कांसाठी पाठ केलं. समुद्रात त्याच तत्त्वावर जीव तोललेला असतो. माणूस आणि त्याचं सगळं सामान मिळून जेवढं पाणी बाजूला सारतं, त्या पाण्याच्या वजनापेक्षा तो जड असेल तर बुडतो, हलका असेल तर तरंगतो. दोन्ही सारखं असेल तर आहे तिथेच स्थिर राहतो. पाणबुड्याला हवी असते ती ही तिसरी अवस्था. ना वर, ना खाली.

आता यात वेटसूट येतो. वेटसूट म्हणजे निओप्रीनचा, अंगाला घट्ट बसणारा पोशाख. निओप्रीन तुम्हाला माहीत आहे. लॅपटॉपची मऊ पिशवी त्याची असते, आणि आपल्या वयाला आलेल्यांपैकी काहींच्या गुडघ्याला बांधलेला पट्टाही त्याचाच असतो. हे रबर भरीव नसतं. पावासारखं असतं, आत वायूचे लक्षावधी बारीक बुडबुडे. पाणी हवेच्या तुलनेत वीसपटींहून जास्त वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. त्याला हे बुडबुडे अडवतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांच्या हे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आलं. अंग कोरडं राहायलाच हवं असं नाही, ऊब कापडात अडकलेल्या वायूमुळे राहते, ही त्यांची कल्पना. आजचा वेटसूट त्यातूनच आला.

पण ऊब देणारे हेच बुडबुडे माणसाला वर ढकलतात. सूट घातलेला माणूस म्हणजे अंगभर बारीक फुगे चिकटवलेला माणूस. तो बुडायलाच तयार नसतो. म्हणून शिसं बांधायचं. शिसं बुडण्यासाठी नसतं, सुटाची वर ढकलण्याची ताकद फेडण्यासाठी असतं. सूट जाड असेल तर शिसं जास्त लागतं, पातळ असेल तर कमी.

माझंच उदाहरण देते. मी डायव्हिंग शिकले अंदमानात, तेव्हाच्या हॅवलॉक आणि आताच्या स्वराज द्वीपजवळ. पाणी कोमट, सूट ३ मिलिमीटरचा, मला ४ किलो शिसं पुरायचं. पुढे कामानिमित्त दोन वर्षं कॅलिफोर्नियात होते. तिथे माँटेरेच्या किनाऱ्यावर केल्प नावाच्या समुद्री शेवाळाची जंगलं आहेत, झाडांसारखी उंच. पाणी मात्र १० ते १४ अंश सेल्सियस. ७ मिलिमीटरचा सूट, डोक्याला टोपडं, हातमोजे. तिथे मला ११ किलो लागले. मी तीच, माझं वजन तेच, समुद्राचं पाणीही खारटच. बदलला होता तो फक्त सूट.

इथपर्यंत सोपं आहे. खरी गंमत खोलीमुळे सुरू होते. पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीसवर ३, तीसवर ४. बॉईलचा नियम आठवा. दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं होतं. सुटातले बुडबुडेही दाबले जातात आणि सूट खरोखर पातळ होतो. रबराच्या भिंती थोडा प्रतिकार करतात, त्यामुळे गणितात येतो तितका नाही. तरी ३० मीटरवर सुटाची वर ढकलण्याची ताकद निम्म्याहून कमी उरते. शिसं मात्र तेवढंच असतं, ते आक्रसत नाही. म्हणजे वर असताना जो माणूस नीट तोललेला होता, तो खाली गेल्यावर आपोआप जड होतो, आणि जड झाला की आणखी खाली जातो.

यासाठी पाणबुड्याच्या अंगात हवा भरता येईल असं जॅकेट असतं. खाली गेलं की बटण दाबून त्यात थोडी हवा घ्यायची, वर येताना सोडायची. आता बघा, नवशिक्या माणसाला सहज बुडता यावं म्हणून कुणी ४ किलो जास्त शिसं बांधलं, तर काय होतं? ते फेडायला जॅकेटमध्ये साधारण ४ लिटर जास्त हवा भरावी लागते. ३० मीटरवर भरलेली ही ४ लिटर हवा १० मीटरवर येईपर्यंत ८ लिटर होते. वेळेवर सोडली नाही तर माणूस वर उचलला जातो. वर गेला की हवा आणखी फुगते, आणि फुगली की तो आणखी वेगाने वर जातो. उलट खोलवर जॅकेटनेच दगा दिला, तर तेच जादा शिसं त्याला तळाकडे ओढतं. म्हणून 'चार किलो जास्त असलेलं बरं' हे खरं नाही. जास्त शिसं म्हणजे जास्त सुरक्षितता नव्हे.

आणि कमी शिसं? त्याची गोष्ट सांगते.

काही वर्षांपूर्वी एका उबदार समुद्रात आम्ही आठजण बोटीवर होतो. बोट कुणाची आणि कुठली, ते सोडून देऊ. आमच्यात आपल्याच वयाची एक बाई होती, तीही महाराष्ट्रातलीच. तिला थंडी फार वाजायची, म्हणून तिने स्वतःचा कोराकरकरीत ५ मिलिमीटरचा सूट आणला होता. बाकीच्यांचे सूट भाड्याचे होते, ३ मिलिमीटरचे आणि वापरून मऊ झालेले. सूट जुना झाला की त्यातले बुडबुडे दाबून दाबून कायमचे चपटे होतात आणि त्याची वर ढकलण्याची ताकद घटते. मार्गदर्शकाने प्रत्येकाला ४ किलोचा पट्टा दिला. तिने विचारलं, "मला एवढंच पुरेल ना?" उत्तर आलं, "सगळ्यांना चारच लागतं, मॅडम."

ती बुडेना. मार्गदर्शकाने हात धरून तिला खाली ओढलं. पाच-सहा मीटर गेल्यावर ती सहज खाली आली आणि पुढची चाळीस मिनिटं १८ मीटरवर उत्तम पोहली. परत येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं असतं. अंगात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून. तिथे ती वर उचलली जाऊ लागली. जॅकेट पूर्ण रिकामं होतं, सोडायला हवाच नव्हती. तिने पाय मारले, हात मारले. मार्गदर्शकाने तिचा घोटा पकडला, तो निसटला. मी तिच्यापासून दोन हातांवर होते आणि तिचा चेहरा मला काचेतून दिसत होता. पुढच्या क्षणी ती वर निघून गेली.

असं वर फेकलं जाताना माणसाने भीतीने श्वास रोखला, तर फुप्फुसातली हवा फुगून फुप्फुस फाटू शकतं. त्याला फार खोली लागत नाही, एक-दीड मीटरही पुरतं. वर एखादी बोट जात असेल तर तिचा पंखाही असतो. तिच्या नशिबाने ती ओरडत गेली, म्हणजे श्वास बाहेर सोडत गेली. बोटीवर तिला खबरदारी म्हणून ऑक्सिजन दिला, नंतर डॉक्टरांनी तपासलं, काही झालेलं नव्हतं.

मला बोचलं ते पुढचं. दिवसभर ती एकच वाक्य म्हणत राहिली, "मीच घाबरट. माझ्याच्याने हे होणार नाही." आणि बोटीवरच्या कुणीही, मार्गदर्शकानेही, 'तसं नाही' असं म्हटलं नाही.

संध्याकाळी आम्ही दोघींनी तिचा सूट जाळीच्या पिशवीत घातला आणि हॉटेलमागच्या हौदात सोडला. पिशवीत शिशाचे तुकडे टाकत गेलो. सूट बुडायला ५ किलोच्या जवळपास शिसं लागलं. इतरांच्या जुन्या सुटांपैकी एक आणून बघितला, तो दीड-दोन किलोतच बुडाला. म्हणजे इतरांच्या तुलनेत तिला तीन किलो शिसं जास्त हवं होतं.

मग मी तिला वहीत मांडून दाखवलं. सिलिंडरमधल्या हवेलाही वजन असतं. नेहमीचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर ११ लिटरचा, त्यात २०० बार दाबाने भरलेली हवा अडीच किलोच्या वर भरते. ५० बार उरेपर्यंत त्यातली साधारण २ किलो हवा श्वासातून निघून जाते. भरलेला असताना पाण्यात किंचित बुडणारा हा सिलिंडर रिकामा होत आला की तरंगू लागतो. सुरुवातीला हवेचे ते २ किलो तिच्या मदतीला होते, म्हणून तिला फक्त एका किलोची कमतरता जाणवली. ती मार्गदर्शकाने हात ओढून भरून काढली. खाली सूट दाबला गेला आणि कमतरता झाकली गेली. परत ५ मीटरवर आल्यावर सूट पुन्हा फुगला आणि हवेचे २ किलोही गेलेले. आता दोन किलोची ताकद तिला वर ढकलत होती. त्यातून घाबरलेला माणूस छाती भरून श्वास घेतो आणि पूर्ण सोडत नाही. तो आणखी एक-दीड लिटर. या ताकदीपुढे कुणाचंही धैर्य चाललं नसतं. तिच्या जागी एखादा पैलवान असता, तरी वरच गेला असता.

तिने वही बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "म्हणजे हे बेरीज-वजाबाकीचं होतं." दुसऱ्या दिवशी ती ७ किलो बांधून उतरली आणि ५ मीटरवर तीन मिनिटं हाताची घडी घालून स्थिर राहिली.

आमच्या धंद्यात 'डिफॉल्ट' नावाची चीज असते. वापरणाऱ्याने काही सांगितलं नाही, तर आपण आधीच ठरवून ठेवलेला आकडा. तो सोयीचा असतो आणि बहुतेकांना चालतो. ज्याला चालत नाही, त्याला मात्र वाटतं की आपल्यातच काही खोट आहे. 'सगळ्यांना चारच लागतं' हा असाच डिफॉल्ट होता.

मग योग्य शिसं ठरवायचं कसं? रीत सोपी आहे. सगळं सामान घालून, जॅकेटमधली हवा पूर्ण काढून, पाण्यात उभं राहायचं आणि नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबायचं. पाणी डोळ्यांच्या पातळीवर आलं पाहिजे. श्वास सोडला की हळू बुडायला हवं. सिलिंडर भरलेला असेल, तर पुढे खर्च होणाऱ्या हवेसाठी २ किलो वाढवायचे. खरी परीक्षा शेवटी असते. सिलिंडरमध्ये ५० बार उरलेत, जॅकेट रिकामं आहे, तरी ५ मीटरवर शांतपणे थांबता येतं, तर शिसं बरोबर आहे. ही परीक्षा सूट बदलला, सिलिंडर बदलला, आपलं वजन बदललं किंवा पाणी बदललं की पुन्हा द्यायची. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. सामानासकट १०० किलोच्या माणसाला तलावातून समुद्रात गेल्यावर अडीच किलोचा फरक पडतो.

दुसरी गोष्ट, शिसं सोडता आलं पाहिजे. पट्ट्याची कडी एका हाताने, एका झटक्यात उघडणारी असते आणि तिच्यावर दुसरं काही अडकलेलं चालत नाही. खाली सूट आक्रसला की पट्टा सैल होतो, तो तिथेच घट्ट करायचा. अपघातांच्या अहवालांत एक गोष्ट वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येते. पृष्ठभागावर पोहोचूनही माणूस दगावला आणि शिसं अंगावर तसंच होतं. हात कडीपर्यंत गेलाच नाही. २०२० साली अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका थंड तळ्यात प्रशिक्षण चालू असताना एक तरुण विद्यार्थिनी गेली. अंगावर शिसं भरमसाट, तेही सहज सोडता येणार नाही असं खिशांत भरलेलं, आणि पोशाखात हवा भरायची नळीच जोडलेली नव्हती. यातली प्रत्येक गोष्ट पाण्यात उतरण्यापूर्वी, काठावर उभं राहून, दोन मिनिटांत दिसली असती. अशा बातमीने माझी झोप उडते. कारण यात समुद्राचा काही दोष नसतो. दोष 'चलता है' चा असतो.

आता मालवण. तारकर्लीला आपल्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना उथळ पाण्यात नेणारे लोकही बरेच आहेत, आणि त्यांतले कितीतरी समुद्रातच वाढलेले, कुशल आहेत. तुम्ही तिथे पाणबुडे नसाल, पाहुणे असाल. शिसं, जॅकेट, सिलिंडर सगळं मार्गदर्शक सांभाळेल. तरी बोटीवर चढण्यापूर्वी चार प्रश्न विचारायचे, आणि नम्रपणे विचारायचे.

एक, माझं शिसं कसं ठरवलं? आपल्यातला कुणी ५५ किलोचा आहे, कुणी ९५ चा. आकडे वेगळे असतील. दोन, ते कुठे आहे आणि कसं सुटतं? कडीला स्वतः हात लावून बघा. मात्र लक्षात ठेवा, शिसं सोडायचं ते पृष्ठभागावर अडचण आली तर. खाली असताना घाबरून सोडलं, तर तुम्ही बाणासारखे वर जाल. तीन, पाण्याखाली माझ्यासोबत कोण, आणि त्याच्याकडे आणखी किती जण? चार, खुणा कोणत्या? इथे आपली एक सवय नडते. अंगठा वर म्हणजे 'छान' नव्हे, 'मला वर न्या'. छान म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. ग्रुपवर उठसूट अंगठा दाखवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

आणि सगळ्यांत मोठा नियम, श्वास कधीही रोखायचा नाही. वर जाताना तर नाहीच. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास असेल तर फॉर्मवर खरं लिहायचं आणि आधी डॉक्टरांना विचारायचं. चाळिशी ओलांडलेल्या आपण सगळ्यांनीच विचारलेलं बरं. मुलांचं शिसं ठरवताना आई-बापांपैकी एकाने तिथे उभं राहावं. सूट ढगळ असेल तर बदलून मागावा.

माझा एक प्रस्ताव आहे. सहलीच्या आधीच्या एखाद्या रविवारी सकाळी पोहण्याच्या तलावावर जमू. मी माझे दोन सूट, जाळीची पिशवी आणि शिशाचे तुकडे घेऊन येते. बाईंनाही आणू या. ताणकाटा त्यांच्या हातात देऊ. मुलांना आर्किमिडीज एकदा पाण्यात दिसला, की पुस्तकात शोधावा लागणार नाही.

शेवटचं. मालवणला गेल्यावर ऐनवेळी कुणाला नको वाटलं, तर त्याला नको म्हणू द्या. "एवढ्या लांब आलास आणि आता घाबरतोस?" हे वाक्य आपल्या बॅचमधून हद्दपार करू या. माणूस घाबरतो तेव्हा बऱ्याचदा त्याचं शरीर काहीतरी खरं सांगत असतं. सूट घट्ट आहे, मुखवट्यात पाणी येतंय, शिसं बरोबर नाही. ते ऐकून घ्यायला थांबलं पाहिजे. आणि जो बोटीवरच बसून राहील, त्याचे उपकार माना. तेवीस जणांच्या चपला आणि मोबाइल सांभाळायला कुणीतरी लागणारच आहे.